अस्वस्थ : जो स्वतःच्या जागी नाही

हिंदी वर्तमानपत्रात 'मंत्री अस्वस्थ' असं छापून आलं, तर वाचक विचारतो, कोणत्या रुग्णालयात? मराठी वर्तमानपत्रात तेच दोन शब्द आले, तर वाचक विचारतो, कोणतं खातं हुकलं? शब्द एकच, संस्कृतातून दोन्हीकडे जसाच्या तसा आलेला. पण हिंदीत तो मुख्यतः शरीराचा झाला आणि मराठीत मनाचा.

मूळ शब्द 'स्वस्थ'. स्व म्हणजे आपण, स्थ म्हणजे राहणारा. जो स्वतःच्या जागी आहे, तो स्वस्थ. सुश्रुतसंहितेत स्वस्थ माणसाची व्याख्या आहे. दोष, अग्नी, धातू आणि मलक्रिया यांचा समतोल तिथे सांगितलाय. पण आत्मा, इंद्रियं आणि मन प्रसन्न असावं, हेही त्याच व्याख्येत आहे. भगवद्गीतेच्या 14व्या अध्यायात गुणातीताच्या वर्णनात हाच शब्द येतो. तिथे सुखदुःखात सारखा राहणारा तो स्वस्थ. तब्येतीचा विषयच नाही.

पुढे भाषांनी वाटणी केली. दिल्लीत 'स्वास्थ्य मंत्रालय' आहे, महाराष्ट्रात 'आरोग्य विभाग'. मराठीत उरलं ते 'स्वस्थ बस', म्हणजे चुळबुळ करू नकोस. साहजिकच अस्वस्थ म्हणजे ज्याला स्वस्थ बसवत नाही तो. इंग्रजीतला 'डिसीज' मात्र हिंदीच्या वाटेने गेला. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा आधीचा अर्थ होता चैन नसणं. आजार हा अर्थ नंतर पक्का झाला.

मराठीला या वाटणीचा फायदा झाला. अन्याय पाहून अस्वस्थ होणं आपल्याकडे जागेपणाचं लक्षण मानतात. अस्वस्थ करणारा सिनेमा, ही तर शाबासकीच.

तोटाही झाला. घरात कुणी 'दोन महिने अस्वस्थ वाटतंय' म्हणालं, तर उत्तर येतं, 'उगाच विचार करत बसतोस.' ताप आला असता तर डॉक्टरकडे नेलं असतं. म्हणून आजची मुलं 'अँग्झायटी' म्हणतात. त्यांना मराठी येत नाही असं नाही. दवाखान्याचा वास असलेल्या शब्दाला लोक दाद देतात, हे त्यांना ठाऊक आहे.

खरं तर सुश्रुताच्या व्याख्येत मन बिघडलेला माणूसही स्वस्थ नव्हताच. त्यासाठी ताप यावा लागत नव्हता.