इशारा पोहोचला होता : शनिवारवाडा, ३० ऑगस्ट १७७३

१८ नोव्हेंबर १७७२ : थेऊरला थोरले माधवराव पेशवे क्षयाने जातात. पेशवाईची वस्त्रे धाकटे भाऊ नारायणराव यांना मिळतात. वय सतरा.

एप्रिल १७७३ : चुलते रघुनाथराव यांच्याशी जमत नाही. पेशवे त्यांना पुण्याच्या शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेवतात. गादीचा धनी आणि गादीचा दावेदार एकाच छपराखाली. भोवती पगार थकलेले गारदी, म्हणजे पहाऱ्यावरचे भाडोत्री शिपाई.

३० ऑगस्ट, सकाळ : गणपतीचे दिवस. गारद्यांत चुळबूळ आहे. कुलाब्याचे रघुजी आंग्रे पेशव्यांना सावध करतात. नारायणराव सरदार हरिपंत फडके यांना बंदोबस्त करायला सांगतात. हरिपंत होकार देतात आणि जेवायला जातात.

मध्यान्ह : पेशवे वाड्यात विश्रांतीला जातात. पहारा तोच.

सुमारे एक : सुमेरसिंग, खरकसिंग आणि महंमद इसफ गारद्यांना घेऊन आत घुसतात. तोंडी थकलेल्या पगाराची मागणी, हाती नंग्या तलवारी. आडवे येतील ते कापले जातात. एक गायही मरते.

काही क्षणांनी : नारायणराव चुलत्यांच्या दालनात धावतात, त्यांना मिठी मारून जीवदान मागतात. रघुनाथरावांचा माणूस तुळाजी पवार त्यांना ओढून काढतो. सेवक चापाजी टिळेकर धन्याच्या अंगावर पडून वार झेलतो. दोघेही ठार होतात.

अर्ध्या तासात : अकराएक माणसांचे मुडदे.

रात्र : मुठा नदीकाठी घाईने दहन.

त्यानंतर : न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे रघुनाथरावांना दोषी धरतात. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर नारायणरावांचा मुलगा जन्मतो, आणि बारभाई, म्हणजे कारभाऱ्यांचे मंडळ, त्याच्या नावाने कारभार हाकतात. गादी हुकलेले रघुनाथराव मार्च १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करतात. युद्ध पेटते, ते १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत.

नारायणरावांच्या तापट स्वभावाला बोल लावून हा दिवस मिटवता येत नाही. धोका कळला होता, हुकूमही सुटला होता. अंमल तेवढा झाला नाही. वाड्याचा पहारा सकाळीच बदलला असता, तर दुपारी त्या अठरा वर्षांच्या पोराला खुनाचा संशय ज्याच्यावर, त्याच माणसाच्या पायाशी आसरा शोधावा लागला नसता. ज्यांच्यावर राज्याने विसंबायचे, त्यांनी हुकूम ऐकून उठायचे असते, जेवण मागाहून होते.