बायीवरचा खोकला

बाजारहत्नूरच्या आसपास कोळशाची खाण नाही. खाणी बेल्लमपल्ली-मंदमर्रीकडे. तो मुलूख २०१६ पर्यंत आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता, आता मंचेरियालमध्ये गेला. तिकडच्या तेलुगू बोलीत खाणीला ‘बायी’, म्हणजे विहीर, म्हणतात. आमच्या लहानपणी बायीवर गेलेला माणूस सणाला नवे कपडे घेऊन येई आणि कधी कधी खोकलाही घेऊन येई.

हे काही आमच्याकडेच घडले असे नाही. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत दगडाची बारीक धूळ मजुरांच्या फुप्फुसांत बसे आणि तेथे क्षयाचे जंतू लवकर मूळ धरीत. आजारी मजुराला गावी धाडून देत. रोग त्याच्याबरोबर झोपडीत पोहोचे.

त्या काळी क्षयावर उपाय म्हणजे सॅनेटोरियम. गरिबाला तेथे खाट कोठून मिळणार? १९५६ साली मद्रासमध्ये १९३ रुग्णांवर एक प्रयोग सुरू झाला. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवले, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच. औषधे दोघांना तीच, वर्षभर. घरच्यांना ना सकस अन्न, ना विश्रांती. तरी बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. घरातल्या इतरांनाही त्यामुळे अधिक बाधा झाली नाही.

या प्रयोगाचे कौतुक पुष्कळ झाले. मात्र रुग्णांच्या घरी अचानक जाऊन गोळ्या मोजाव्या लागत, लघवी तपासावी लागत असे, हे कोणी फारसे सांगत नाही. माझ्या मते खरा धडा तोच. पुढे मद्रासलाच देखरेखीखाली औषध देण्याचे प्रयोग झाले आणि १९९७ पासून समोर बसवून गोळी गिळायला लावण्याची पद्धत देशभर पसरत गेली.

मी नोकरीला लागलो त्या सुमारास एका विद्यार्थ्याचे वडील बायीवरून असेच परतले. उपचार सहा महिन्यांचे. दोन महिन्यांत खोकला थांबला, भूक लागू लागली. “गुरुजी, आता बरं वाटतंय की!” म्हणाले आणि हजेरी बुडते म्हणून कामावर गेले. उरलेल्या गोळ्या घरीच राहिल्या. कार्डावरचा तेलुगू मजकूर बायकोला वाचता येत नव्हता.

वर्षाच्या आत ते पुन्हा अंथरुणाला खिळले. आता सुया आणि आठ महिने. मी कार्ड मराठीत उतरवून दिले. कॅलेंडरवर रोज खूण करायचे काम मुलाने घेतले. तो तेव्हा सातवीत होता.