स्थूलता शस्त्रक्रिया व स्त्रियांचे श्रोणितल
मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना खालून आधार देणारा स्नायू व तंतुमय ऊतके यांचा थर म्हणजे श्रोणितल. स्थूल स्त्रियांत पोटातील वाढीव दाबाचा भार त्यावर सतत पडतो. खोकताना, शिंकताना लघवी सुटते. लाजेपोटी हा त्रास बहुधा सांगितला जात नाही; शल्यचिकित्सकांनीही तो फारसा विचारला नाही. अमेरिकेत एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये जठर-उपमार्ग शस्त्रक्रिया प्रथम केली, तेव्हा लक्ष वजनावर होते. बंप, शुगरमन प्रभृतींनी वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झालेल्या १३ स्त्रियांचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध केला : आधी १२ जणींना असलेला हा त्रास पुढे तिघींनाच उरला. संख्या अल्प, तरी दिशा स्पष्ट होती. अमेरिकेतीलच २०१५ मधील मोठ्या पाहणीत, आठवड्यातून एकदा तरी लघवी सुटणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सु. ४९ टक्के होते; ते वर्षभरात १८ टक्क्यांवर उतरले, पण तिसऱ्या वर्षी २५ टक्क्यांवर गेले. ‘अंग बाहेर येणे’ (श्रोणिगत अवयवांचा भ्रंश) मात्र निराळे. रजोनिवृत्त स्त्रियांच्या २००९ मधील अभ्यासात, शस्त्रक्रियेविनाही वजन घटलेल्यांत भ्रंश फारसा मागे हटला नव्हता. प्रसूतीत वा दीर्घकाळच्या भाराने ताणलेले आधार केवळ भार कमी झाल्याने पूर्ववत होत नाहीत.