वऱ्हाडची काळी माती आणि ह्युमिक द्रव्यांचा शोध : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या कृषिजीवनाचा पाया म्हणजे काळी कपाशीची जमीन होय. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (1861-1865) वऱ्हाडच्या कापसाला मोठी मागणी आली. माती काळी म्हणजे ती सेंद्रिय द्रव्याने संपन्न, हा समज येथे दीर्घकाळ रूढ आहे. प्रस्तुत निबंधात या समजाची ऐतिहासिक चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

रंगाचा प्रश्न :
रशियातील काळ्या मातीचा रंग गवताळ प्रदेशातील वनस्पतींच्या अवशेषांपासून बनलेल्या ह्यूमसमुळे येतो, असे डोकुचायेव यांनी 1883 मध्ये प्रतिपादन केले. भारतीय काळ्या मातीला मात्र हे स्पष्टीकरण लागू पडत नाही. तिच्यात सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतो. अ‍ॅनेट यांनी 1910 मध्ये या रंगाचे श्रेय टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट व अल्प ह्यूमस यांना दिले. पुढे 1956 मध्ये सिंग यांनी चिकणमाती व सेंद्रिय द्रव्य यांच्या गडद संयुगांवर भर दिला. म्हणजेच रंग ह्यूमसच्या प्रमाणापेक्षा त्याच्या बंधावर अधिक अवलंबून असतो.

रचना व रेणुभार :
आखार्ड यांनी 1786 मध्ये पीटमधून अल्कलीच्या साहाय्याने गडद द्रव्य वेगळे केले. या अर्कात आम्ल मिसळल्यावर साका होऊन खाली बसते ते ह्युमिक आम्ल आणि द्रावणातच राहते ते फुल्विक आम्ल, ही विभागणी पुढे रूढ झाली. त्यांचा रेणुभार मात्र पद्धतीनुसार काही शेकड्यांपासून लाखो डाल्टनपर्यंत आढळला. त्यामुळे हे महारेणू आहेत की लहान रेणूंचे समूह, असा वाद निर्माण झाला. लेहमान व क्लेबर यांनी तर 2015 मध्ये, अल्कलीने काढलेले द्रव्य मातीतील मूळ द्रव्याचे प्रतिनिधित्व करीत नाही, असा आक्षेप नोंदविला.

वऱ्हाडचा संदर्भ :
अकोला येथे 1969 मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथील ज्वारी-गहू पीकपद्धतीवरील दीर्घकालीन खत प्रयोगात रासायनिक खतांना शेणखताची जोड दिल्यास सेंद्रिय कर्ब वाढतो, असे दिसून आले. आज कृषी सेवा केंद्रांत ‘ह्युमिक’ नावाने अर्क विकले जातात. परंतु एकरी थोड्या प्रमाणात दिलेला अर्क गाडीभर शेणखताने मिळणाऱ्या कर्बाची भरपाई करू शकत नाही.

निष्कर्ष :
मातीचा काळेपणा हा तिच्या सकसतेचा पुरावा नव्हे. या समजामुळे सेंद्रिय खताकडे दुर्लक्ष झाल्यास त्याची किंमत कोरडवाहू शेतकऱ्यालाच मोजावी लागते. म्हणून रसायनशास्त्र, इतिहास व कृषी या विषयांच्या अध्यापकांनी आपल्या परिसरातील मातीचा संयुक्त अभ्यास हाती घेणे अगत्याचे आहे.