बुरशीतून आलेली गोळी

आमच्या नांदेड-लातूरकडे करडईच्या तेलाचा मोठा अभिमान. लातूरला तर तेलबियांचे संशोधन केंद्रच आहे. त्यामुळे तपासणीचा कागद हाती आला की प्रश्न येतो, “घरात घाण्याचे तेल, मग कोलेस्टेरॉल वाढले कसे?” खरे म्हणजे बरेचसे कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते, मुख्यतः यकृतात.

मी कवी माणूस. औषधशास्त्र माझा प्रांत नव्हे. पण या गोळीचा इतिहास मला मोलाचा वाटतो. जपानचे अकिरा एंडो शेतकऱ्याच्या घरचे. यकृताचे हे काम रोखणारा पदार्थ त्यांनी 1971 पासून बुरशीत शोधला. सुमारे 6000 नमुने तपासल्यावर 1973 मध्ये तांदळावरच्या निळ्या-हिरव्या बुरशीत तो सापडला. 1987 मध्ये अमेरिकेत या जातीच्या पहिल्या औषधाला, लोव्हास्टॅटिनला, परवानगी मिळाली. या औषधांनी हृदयविकाराचे असंख्य झटके टाळले.

याच कुळातले सेरिव्हास्टॅटिन मात्र ऑगस्ट 2001 मध्ये बायर कंपनीला बाजारातून मागे घ्यावे लागले. तोवर 52 मृत्यूंची नोंद झाली होती. स्नायू विरघळून त्यांचा गाळ मूत्रपिंडात अडकत होता. मृतांपैकी अनेकांचा डोस मोठा होता, किंवा सोबत जेम्फायब्रोझिल हे दुसरे औषध चालू होते.

आज आपल्या पट्टीवर बहुधा अटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन असते. त्यांत हा धोका फार विरळ. पण धडा तोच आहे. मांड्या-दंड विनाकारण दुखू लागले, अशक्तपणा आला, लघवी चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गोळी सुरू करण्यापूर्वी यकृताची तपासणी करावी. रक्तातली साखर किंचित वाढू शकते, तीही पाहावी. दिवस गेले असतील तर लगेच सांगावे. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक किंवा बुरशीवरचे औषध घेण्याआधी ही गोळी चालू असल्याचे जरूर सांगावे.

रमजानमध्ये काही जण महिनाभर गोळीच बंद ठेवतात. त्याची गरज नसते. या दोन्ही गोळ्या दिवसातून केव्हाही चालतात. डॉक्टरांना विचारून इफ्तारनंतर घेता येतात.

कुणी पाय दुखले म्हणून परस्पर गोळी सोडतो, कुणी तपासणीविना मेडिकलमधून वर्षानुवर्षे तीच पट्टी आणतो. दोघेही जिवाशी खेळतात. गोळी बदलायची, कमी करायची की थांबवायची, हे शेजाऱ्याने नव्हे, डॉक्टरांनी ठरवावे.