नवी केबिन, जुनी चासी

आपल्याकडे यंत्राचा इतिहास लिहिला जातो तो कारखानदाराचा इतिहास म्हणून. कोणी परवाना मिळवला, कोणत्या परदेशी कंपनीशी करार केला, पहिले यंत्र कोणत्या साली दाराबाहेर पडले, एवढे सांगितले की इतिहास संपतो. यंत्राच्या पोटात बसून ज्याने आयुष्य काढले, त्याला या इतिहासात जागा नसते. आमच्या ठाकुर्लीचेच उदाहरण घ्या. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी विजेवरची पहिली गाडी धावली. पुढे मार्ग वाढला आणि जीआयपी रेल्वेने १९२९ साली ठाकुर्लीला वीजघर उभारले. जुनी माणसे त्याला चोळा पॉवर हाऊस म्हणतात. सन मिळते, कंपनी मिळते. पण तिथे कोळसा ओढणाऱ्याचे नाव विचारा, कागद मुका होतो.

हे मुकेपण योगायोगाचे नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जी मांडणी केली ती प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावी. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून राबतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात. वर्कशॉपमध्ये तो खलाशी म्हणून शिरतो आणि खलाशीच राहतो, असे त्यांनी दाखवून दिले. मुंबईच्या गिरण्यांतही तेच होते. विणकाम खात्यात धाग्याला तोंड लावावे लागे, म्हणून त्या खात्याचे दार अस्पृश्याला बंद, आणि पगार तर त्याच खात्यात जास्त. म्हणजे प्रश्न यंत्राजवळ जाण्याचा नव्हताच. यंत्राच्या आत कोणाचा हात जाणार, हा होता.

हाच प्रश्न घेऊन मी रस्त्यावरच्या एका साध्या यंत्राकडे, मालट्रककडे, वळतो. कल्याण-शीळ रस्त्याने, भिवंडीच्या गोदामांकडे, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीकडे ट्रक जातात. या पट्ट्यातल्या गॅरेजमध्ये एक काम वर्षानुवर्षे चालत आले आहे. जुन्या ट्रकमध्ये त्याच घडणीच्या नव्या ट्रकची केबिन, किंवा केबिनचे आतले सामान बसवायचे. सीट, डॅशबोर्ड, स्टेअरिंग, दरवाजे, मीटर, वायरिंग. जुनी चासी राहते, आतले बदलते. मालकाला हे काम किरकोळ वाटते. मला त्यात मोटारधंद्याचा एक अलिखित इतिहास दिसतो.

त्या इतिहासाची सुरुवात केबिन नसण्यापासून होते. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना १९४४ ची. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून मोटारी बाहेर पडू लागल्या. डॉज आणि फार्गो हे ट्रक तिथलेच. नावे दोन, ट्रक एकच. पुढच्या पट्टीवरची अक्षरे तेवढी वेगळी. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक निघू लागले. १९६९ मध्ये करार संपला, बोनेटवरचा तीन टोकांचा तारा गेला, टाटांचे अक्षर आले. १९७७ मध्ये पुण्याच्या कारखान्यातूनही व्यापारी वाहने निघू लागली.

या साऱ्या काळात आपल्याकडचे बहुसंख्य ट्रक पुरे होऊन विकले जात नसत. कंपनी देई ती चासी: चाके, पाटे, इंजिन, गिअरबॉक्स, स्टेअरिंग आणि फार तर पुढचा पत्रा. ड्रायव्हरने लाकडी खोक्यावर बसायचे आणि ऊन-पाऊस अंगावर घेत ती चासी शेकडो मैल चालवत आणायची. मग बॉडी बांधणारा मिस्त्री सागाच्या किंवा साध्या लाकडाच्या चौकटीवर पत्रा ठोकून केबिन उभी करी, मागे हौदा आणि फाळका लावी. सीट म्हणजे फळी, फळीवर काथ्या, काथ्यावर रेक्झीन. मालकाच्या खर्चात कपात करायची झाली तर पहिली कात्री याच फळीवर चाले.

याचा अर्थ काय? माल वाहणारे आणि माल ओढणारे भाग यंत्रात धरले गेले. माणूस बसतो तो भाग यंत्राबाहेरचा मानला गेला. टाटांच्या जुन्या ट्रकांचे क्रमांक पाहा. १२१० म्हणजे साधारण बारा टन एकूण वजन आणि शंभर अश्वशक्ती. १६१२ म्हणजे सोळा टन आणि एकशेवीस. वजन मोजले, घोडे मोजले. माणसासाठी त्या क्रमांकात एकही आकडा नाही.

आता अदलाबदलीचे काम पाहू. 'बोल्ट सोडले, बोल्ट आवळले' इतके ते सोपे नाही. मिस्त्री आधी जुन्या केबिनची जमीन खरवडतो. गंजलेल्या पत्र्यावर सीट बसवली तर पहिल्या जोरदार ब्रेकला सीटसकट माणूस पुढे येईल; म्हणून खालचा पत्रा कापून नवा जोडायचा, त्याखाली जाड पट्टी द्यायची आणि मगच भोके पाडायची. सीटपट्ट्याचा बोल्ट तर कधीच नुसत्या पत्र्यात घ्यायचा नाही. मग स्टेअरिंगचा कोन आणि पेडलचे अंतर. सीट दोन बोटे उंच झाली तर गुडघा चाकाला लागतो आणि क्लच अर्धाच दबतो. मग वायरिंग. एक गाडी बारा व्होल्टची आणि दुसरी चोवीसची असेल तर मीटर, वायपर, दिवे यांतले काहीच सरळ जोडता येत नाही. जुन्या गाडीत वेग दाखवायला गिअरबॉक्सपासून फिरती केबल येते, नव्या मीटरला विजेचा संकेत लागतो. जुन्या गाडीला व्हॅक्युमच्या मदतीचे ब्रेक असतील तर नव्या डॅशबोर्डावरचा हवेच्या दाबाचा काटा कायमचा शून्यावर पडून राहतो. आणि पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या वायरला रबरी कडे घालायचे विसरले, तर घासून घासून वायर उघडी पडते आणि एखाद्या रात्री केबिन पेटते.

हे ज्ञान कोणत्या पुस्तकात आहे? आमच्या घरात पहिली पदवी माझी. तोवर घरात जी विद्या होती ती अशीच, हाताची आणि डोळ्यांची. क्लीनर म्हणून गाडीवर चढायचे, शिव्या खात पाने पुरवायची, बघून बघून शिकायचे. मोटारधंद्यात जात नव्हती असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. ट्रकची मालकी भांडवल मागते, कर्जाला जामीन मागते, वाहतूकदाराच्या पेढीवर ओळख मागते, आणि या तिन्ही गोष्टी आपल्याकडे जातीच्या वाटेने चालत येतात. पण गावात ज्याला ठरलेले काम सोडता येत नव्हते, त्याला शहरातल्या गॅरेजने पाना हातात घेऊ दिला, हेही खरे आहे. खलाशाला मिस्त्री होण्याची वाट जिथे थोडीफार उघडली, ती अशा कागद नसलेल्या जागी. आणि कागद नव्हता म्हणूनच त्या विद्येला आजही विद्या म्हणत नाहीत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नव्या ट्रकचे आतले सामान जुन्या ट्रकात बसते, कारण दोन्हींची घडण जवळजवळ सारखी आहे. ती सारखी का राहिली? टाटांच्या अर्धे नाक पुढे असलेल्या ट्रकांचा चेहरा १२१० पासून १६१३ पर्यंत, कित्येक दशके, फारसा बदलला नाही. त्याच काळात त्याच ट्रकांचे इंजिन बदलले. ६९२ गेले, ६९७ आले, पुढे कमिन्सचे आले. ब्रेक सुधारले. स्टेअरिंगला पॉवरची जोड मिळाली. सुधारणा होत नव्हती असे नाही. ज्या भागाने माल जास्त आणि लवकर जातो, तो भाग सुधारत होता. ड्रायव्हरच्या गुडघ्याशेजारी मात्र इंजिनचा तोच तापलेला डबा आणि तीच फळी राहिली. नवी केबिन जुन्या गाडीत सहज बसते, या सोयीच्या पोटात माणसाची ही उपेक्षा दडलेली आहे.

कोणी म्हणेल, घडण सारखी राहिली म्हणून तर सुटे भाग स्वस्त मिळाले, कोणत्याही नाक्यावरचा मिस्त्री गाडी दुरुस्त करू शकला, एका जुन्या ट्रकवर एखाद्या ड्रायव्हरला मालक होता आले. हे मी नाकारत नाही. ज्या गाडीला कोणाचाही हात लावता येतो ती गाडी गरिबाची असते. पण चासी, पाटे, अ‍ॅक्सल सारखे राहणे निराळे आणि माणसाची जागा तशीच राहणे निराळे. पहिल्यात शहाणपण आहे. दुसऱ्यात माणूस स्वस्त असल्याचा हिशेब आहे.

कायद्यानेही हा हिशेब अर्धवटच मोडला. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. पण तो मुळात पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांना लागू होता. दोन-तीन ट्रकांच्या मालकाकडचा ड्रायव्हर त्याच्या बाहेर राहिला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनात मनमानी फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे लावले. सुरक्षेसाठी ते योग्यच. परंतु फेरफार म्हणजे गुन्हा एवढेच जिथे माहीत असते, तिथे चांगले काम करणारा मिस्त्री आणि वाटेल तशी वायर जोडणारा एकाच रांगेत उभे राहतात. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची केली. माणसाची जागा शेवटी यंत्रात धरली गेली, याचे स्वागत करायलाच हवे. मात्र ही सक्ती नव्या गाडीला आहे. जुनी गाडी ज्याच्या वाट्याला येते, तो सर्वांत कमी पगाराचा ड्रायव्हर तिच्या बाहेर आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावले होते की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशी विसंगती घेऊन आपण जात आहोत. नवे आत आले आणि जुना सांगाडा कायम राहिला, अशी आपल्या समाजाचीही अवस्था झाली. नव्या संस्था जुन्या गावगाड्यावर कुठे इतक्या सहज बसल्या की काही बदललेच नाही असे वाटावे, तिथे थांबून विचारले पाहिजे: जुन्या सांगाड्यातले कोणते बोल्ट अजून तसेच आहेत?

हा प्रश्न घोषणेने सुटणारा नाही, त्याला काम लागते. कामगार संघटनांनी मागणी करावी की जुन्या ट्रकांतही सुरक्षित सीट, सीटपट्टा, इंजिनच्या उष्णतेपासून आडोसा आणि हवा खेळती ठेवण्याची सोय बसवण्याचे प्रमाणित काम ठरवून द्यावे, ते करणाऱ्या मिस्त्रीच्या कौशल्याची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र द्यावे आणि खर्च मालकाने उचलावा. आणि विद्यार्थ्यांनो, कल्याण, डोंबिवली, भिवंडीच्या गॅरेजांत जा. म्हाताऱ्या मिस्त्रींना विचारा की पहिली केबिन कोणत्या गाडीची बांधली, काम कोणाकडून शिकलात, आणि कोणी शिकवायला नकार दिला. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, सन-गावासह लिहून घ्या. हा इतिहास आपण उतरवला नाही, तर ही माणसे आणि त्यांची विद्या दोन्ही भंगारात जातील.