गिटारचा दूर ठेवलेला भोपळा

आमच्या मिरजेत सतारीसाठी पंढरपूर भागातले भोपळे येतात. तार छेडली की सूर त्या पोकळीत फिरतो आणि भरून बाहेर येतो. सतार आणि तिचा भोपळा यांची ताटातूट होत नाही. इलेक्ट्रिक गिटारचे तसे नाही. तिचे अंग बहुधा भरीव लाकडाचे. तारेच्या थरथरीतून पिकअपमध्ये क्षीण विद्युत संकेत तयार होतो, तो वायरीतून अँप्लिफायरकडे जातो आणि खरा नाद तिथे घडतो. म्हणजे या वाद्याचा भोपळा दूर, एका खोक्यात!

हा खोका आवाज नुसता मोठा करत नाही, त्याचा पोत बदलतो. 1951 साली मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्स यांच्याकडे ‘रॉकेट 88’ हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. अँप्लिफायर बिघडलेला होता, म्हणून त्यात कागद कोंबून वेळ निभावली. त्यातून निघालेला घोगरा आवाजच पुढे गाजला. 1964 मध्ये ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने तर स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला.

अडचण एकच होती. वादन आणि अँपचा आवाज एकजीव होऊन टेपवर उतरत. दुसऱ्या दिवशी पोत पसंत पडला नाही तर सारे पुन्हा वाजवायचे.

टिपलेला आवाज पुन्हा हवेत सोडण्याची कल्पना मात्र जुनीच. 1947 मध्ये शिकागोत बिल पुटनॅम यांनी ‘हार्मोनिकॅट्स’च्या ‘पेग ओ माय हार्ट’साठी चक्क न्हाणीघराचा घुमारा वापरला. त्याच वाटेवर 1994च्या सुमारास जो सॅट्रियानीचे ध्वनिमुद्रक जॉन क्युनिबर्टी यांनी ‘रीअँप’ नावाची डबी आणली. आधी गिटारचा कोरडा संकेत मुद्रित करायचा. मग तो सावकाश, हव्या त्या अँपमधून वाजवून नव्याने टिपायचा. स्टुडिओतला संकेत जोरकस असतो, अँपला सवय पिकअपच्या नाजूक संकेताची. डबी त्याचा जोर उतरवते आणि विजेची घूंऽऽ आड येऊ देत नाही.

1998 मध्ये ‘पॉड’ हे लालचुटुक यंत्र आले; ते अँपची नक्कल गणिताने करी. आता घरीही हे जमते. संगणकाला जोडलेल्या ऑडिओ इंटरफेसच्या आउटपुटातून कोरडा ट्रॅक मॉडेलरमध्ये सोडायचा आणि मॉडेलरचा आवाज दुसऱ्या ट्रॅकवर परत घ्यायचा. एक पथ्य पाळायचे: परत आलेला आवाज त्याच आउटपुटातून पुन्हा बाहेर सोडायचा नाही, नाहीतर तो गोल गोल फिरून किंचाळतो. काही मॉडेलरांत हे सारे एका यूएसबी वायरीवर होते.

हे मला कुणी शिकवले? पुतण्याने. माझे भाईजान गिटार वाजवत. फ्लॅटच्या भिंती पातळ, म्हणून रात्री हेडफोन लावून कोरडेच मुद्रित करत. ‘अँपचे नंतर बघू,’ म्हणायचे. ते ‘नंतर’ त्यांच्या वाट्याला आले नाही.

गेल्या महिन्यात पुतण्याने तो ट्रॅक मॉडेलरमधून मला ऐकवला. एकदा गोड, एकदा खरखरीत, एकदा लांबून आल्यासारखा. ‘चाचा, अब्बांना यातला कुठला आवडला असता?’

मला उत्तर देता येईना. पण एका जागी भाईजानचे बोट तारेवर जरासे घसरते. तिन्ही आवाजांत ते तसेच, तिथेच घसरले. यंत्राने नाद बदलला, हात बदलला नाही.

मी म्हटले, ‘बेटा, तुला पटेल तो ठेव. कोरडा ट्रॅक मात्र पुसू नकोस.’